अकरा वर्षं गप्प

"ताई, हा ठोकळा मी कापू का?" शेजारच्या टेबलावरच्या सहकारी बाईंनी हळूच विचारलं.

"नको. माझा हात बसलाय," ताई म्हणाल्या आणि मेणात बसवलेला हाडाचा तुकडा त्यांनी यंत्रावर घट्ट केला. इस्पितळाच्या तपासणी विभागात तीस वर्षं त्यांचं हेच काम. पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, काचेवर चढवायचे, रंगवायचे. आजच्या ठोकळ्यावर त्यांच्या धाकट्या बहिणीचा नंबर होता.

अकरा वर्षांपूर्वी धाकटीच्या छातीतली गाठ काढली होती. सगळं निस्तरलं, असं समजून दोघी निर्धास्त झाल्या होत्या. आता कंबर दुखायची थांबेना, म्हणून तिथल्या हाडाचा तुकडा तपासायला काढला होता.

दोन दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी दोघींना समोर बसवलं.

"त्याच जुन्या गाठीच्या पेशी आहेत. तेव्हाच हाडात जाऊन निजल्या होत्या. भोवतालच्या मज्जेने त्यांना वाढू दिलं नाही. पुढे वयाने, सुजेने तो भोवताल बदलतो आणि त्या उठतात. तुमच्या बाबतीत नेमकं काय झालं, ते नाही सांगता येणार. पण औषधं आहेत. बराच काळ आटोक्यात ठेवता येईल."

धाकटीने पर्सची चेन उघडली, लावली. "आमचे हे गेल्यावर मी वर्षभर अंथरूण धरलं होतं. धड जेवलेही नाही. त्यानेच..."

"रडण्याने त्या उठतात, असा पुरावा नाही. स्वतःला बोल लावू नका."

धाकटीने मान हलवली, पण तिला ते पटलं नव्हतं. जिना उतरताना ती पायऱ्यांकडेच बघत होती. ताईंनी तिला सरळ आपल्या खोलीत नेलं, काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

"बघ."

"ही जांभळी गर्दी?"

"हं. आणि बाजूचं गुलाबी दिसतंय ना, ते सगळं तुझं. त्यानेच यांना इतकी वर्षं गप्प बसवलं. तू रडत होतीस ना, तेव्हाही."

धाकटी भिंगावरून डोळा उचलेना.

"पोरीची बाळंतपणं झाली, ह्यांचं आजारपण झालं," ती म्हणाली. "तोवर यानं धरून ठेवलं म्हणायचं." मग घरातल्या कुणा थकल्या माणसाबद्दल बोलावं तशी म्हणाली, "दमलं असेल गं."

ताईंनी दुसरं स्टूल ओढलं आणि तिच्या पाठीवर, दुखतं त्याच्या जरा वर, हात ठेवला. धाकटी बघतच राहिली.