ग्वारीघाटचा दिवा

प्रणोतीच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र पावसाळ्यात आलं, आणि दिवाळी उलटली तरी ते माझ्या उशाशीच होतं. प्रणोती माझी नात, आठ वर्षांची, रत्नागिरीला राहते. शाळेत पत्र लिहायला शिकवलं तेव्हा तिनं पहिलं मला लिहिलं. फोनवर मला दोन वाक्यांपुढे बोलवत नाही, हे तिला ठाऊक आहे.

उन्हाळ्यात ती जबलपूरला आमच्याकडे आली होती. जायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही ग्वारीघाटावर पानाच्या द्रोणात दिवा सोडला.

"हा कुठे जातो?" तिनं विचारलं.

"नर्मदा मैया समुद्राला मिळते. म्हणजे तुझ्याकडेच की."

पत्रात तिनं लिहिलं होतं, 'दिवा अजून आला नाही. मी बघते आहे.'

काय लिहावं? नर्मदा भडोचजवळ समुद्राला मिळते. रत्नागिरी तिथून कितीतरी खाली. आणि द्रोण तर पुढच्या तिलवाऱ्याच्या घाटापर्यंतही पोचत नसावा. खरं लिहावं तर पोर हिरमुसेल. खोटं लिहायला हात होईना. लिहायचो आणि फाडायचो.

"पत्र लिहून राहिले का ग्रंथ?" माझी बायको सरोजिनी विचारायची.

मग एका रविवारी आमच्या मुलीचा, भावनाचा फोन आला. सरोजिनीनं स्पीकर लावला.

"आई, या पोरीचं काय करू? सुटीला गणपतीपुळ्याला नेतो, तर घोडागाडी नको, बोट नको. मत्स्यालयात नेलं तर दारातूनच म्हणते, चला परत. नुसती पाण्याकडे तोंड करून उभी. अंधार पडला की हिचे बाबा उचलून आणतात."

"काहून?"

"आजोबांचा दिवा येणार म्हणे. उंटावर पण बसत नाही. उंट वळला की समुद्राकडे पाठ होते."

सरोजिनीनं फोन माझ्यापुढे धरला. "घ्या. बोला आता."

"तिला वाऱ्यात थंडी वाजते का?" मला एवढंच सुचलं.

"नाही, बाबा," भावना म्हणाली.

संध्याकाळी मी ग्वारीघाटावर गेलो. दिवा सोडला आणि नेहमीसारखा वळून निघालो नाही. नावांच्या मधून तो थोडा गेला, वल्ह्याच्या लाटेनं तिरका झाला, विझला.

मी समुद्र कधी पाहिलेला नाही. त्याच्यावरची पुस्तकं कपाटात आहेत. भावना दर वर्षी बोलावते, आणि दर वर्षी मला वाटतं, पोराबाळांच्या गर्दीत आपली अडचणच व्हायची. त्या दिवशी मात्र घाटाच्या पायरीवर बसून मला तो किनारा दिसत राहिला. सगळी मुलं खेळताहेत, आणि एक पाठमोरी.

घरी येऊन लिहिलं, 'दिवा येणार नाही, बाळ. आज मी पाहिलं, तो घाटापाशीच विझतो. त्याची वाट बघू नकोस. त्याच्याऐवजी मी येतो. तू उंटावर बस, तोवर समुद्राकडे मी बघेन. मग मी बसतो, तू बघ. मला भीती वाटेल बहुतेक.'

सरोजिनीनं चष्मा लावून वाचलं. "उंटावर? तुम्ही तर रिक्शात दांडी धरून बसता."

"खोडू का?"

"राहू द्या. माझंही तिकीट काढा. मलाही पाहायचं आहे."

सकाळी कांचघर चौकातल्या टपालपेटीत पत्र टाकलं. आत पडल्याचा आवाज येईपर्यंत हात तिथेच ठेवला.