मोकळं वाजव

"वाद्य स्वतःचं आहे का?" टेबलामागच्या कारकुनाने विचारलं.

"शाळेचं आहे. बँडच्या सरांकडून मागून आणलंय."

"मग कसं चालेल, बाई? शिष्यवृत्ती घेणाऱ्याकडे स्वतःचं वाद्य पाहिजे. तसा नियमच आहे."

"आणि शिष्यवृत्ती कोणासाठी आहे?"

"गरजू विद्यार्थ्यांसाठी," तो म्हणाला. हे म्हणताना त्याच्या चेहऱ्यावरची एक रेघही हलली नाही.

रात्रपाळी संपवून मी तशीच आले होते, नर्सच्या गणवेशावर स्वेटर चढवून. कोपऱ्यातल्या खाटेवरच्या आजोबांनी पहाटे सलाइनची नळी पुन्हा उपटली होती आणि वर मलाच दोन शिव्या हासडल्या होत्या. माझ्याकडचा सगळा सोशिकपणा त्यांनी संपवला होता. या कारकुनासाठी काही उरलं नव्हतं.

"अहो, ड्रम विकत घ्यायची ऐपत असती तर मी आत्ता घरी डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपले असते! लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, असला तुमचा नियम!"

"आई, हळू बोल ना," मुलगी माझी बाही ओढत पुटपुटली. ड्रम तिने पोटाशी धरला होता. दोन बसगाड्या बदलून, लोकांच्या कोपरांपासून जपत आणलेला.

"नियम मी नाही केले," कारकून म्हणाला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागच्या लांबलचक रांगेकडे पाहिलं आणि अर्जावर 'व्यवस्था होत आहे' असं लिहून टाकलं. कसली व्यवस्था, कोण करतंय, देव जाणे. त्यालाही सुटका हवी होती आणि मलाही.

व्हायोलिनवाल्यांना शिष्यवृत्त्या भरपूर, पियानोवाल्यांना त्याहून जास्त. तालवाद्यांना मात्र एकच. सगळ्यांच्या मागे उभं राहून वाजवणाऱ्यांचा पैशांच्या रांगेतही नंबर मागेच. पण ती एक मिळाली की संगीत विद्यालयाची फी आणि वसतिगृह, दोन्हींचा खर्च सुटत होता. नाही मिळाली तर माझ्या भावाच्या औषधांच्या गोदामात खोकी बांधायची नोकरी तिची वाट बघत होती. मामाने तसं कबूलही केलं होतं. पुढच्या वर्षी ती वयाच्या अटीत बसणार नाही, म्हणजे आज नाही तर कधीच नाही.

बाकावर शेजारी एका मुलाचे वडील बसले होते. मुलगा केवढा धिप्पाड आणि त्याचा ड्रम त्याहून मोठा. "आमच्याकडे पोलीस बोलवायचेच बाकी ठेवलेत शेजाऱ्यांनी," ते कौतुकाने कुरकुरले. "तुम्ही कसं सहन करता?"

"मला काही सहनच करावं लागत नाही," मी म्हटलं. "मी दिवसा झोपते. ही पोर उशी मांडीवर घेते आणि उशीवर वाजवते. लहानपणापासून. माझी झोप हिने एकदाही मोडली नाही."

"नशीबवान आहात."

"आहेच मुळी," मी म्हटलं. घरात तिला मी खुडबुडी म्हणते, पण ते लाडाने. लहान होती तेव्हाही शाळेतून आली की चपला हातात घेऊन आत यायची. अशी मुलं आताशा कुठे बघायला मिळतात? मला तिचा अभिमान वाटायचा आणि तो मी त्या बाकावर पोटभर मिरवला.

वादनाच्या परीक्षेला पालकांना शेवटच्या रांगेत बसायची परवानगी होती, आवाज न करण्याच्या अटीवर. आत गालिचा, मऊ खुर्च्या, मागे अर्धा अंधार, अंगाला बरी वाटणारी ऊब. माणसाला झोपवण्यासाठीच बांधलेलं ते सभागृह. पुढे तीन परीक्षक. त्या धिप्पाड मुलाचा नंबर आधी होता. त्याने पहिला तडाखा दिला तेव्हा खिडकीची काच थरथरलेली मी स्वतः पाहिली. दुसरा मला आठवत नाही.

खांद्यावर हात पडला. वॉर्डातली सवय. "कोणत्या खाटेचं?" म्हणत मी ताडकन उभी राहिले.

"आई, झालं माझं," मुलगी म्हणाली. "चल घरी."

"झालं? कधी?"

 समोरून चष्मेवाल्या परीक्षक बाईंनी मला जवळ बोलावलं. बाईंचा आवाज रागीट नव्हता.

"तुम्ही आई ना हिची? हात फार सुरेख आहे हो हिचा. इतक्या नाजूक हाताने वाजवणारं आज दुसरं कोणी आलं नाही. पण ड्रम आहे तो, त्याला बोलतं करायला नको का? मी सांगितलं, मोकळं वाजव. तर ही मागे वळून बघते आणि आणखी हळू वाजवते. पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. मागे होतं तरी काय?"

मी वळून पाहिलं. शेवटच्या रांगेत माझी खुर्ची होती आणि खुर्चीवर माझी पर्स.

"काय गं?" मी तिला विचारलं. उत्तर कळलं होतं, तरी विचारलं.

"तू झोपली होतीस," ती म्हणाली.

कपाळावर हात मारून घ्यावा की तिला एक ठेवून द्यावी, हेच मला कळेना. "अगं कार्टे! त्या पोराच्या नगाऱ्याने मी उठले नाही, तुझ्या वाजवण्याने काय उठणार होते?"

"मला काय माहीत? मी कधी वाजवून बघितलंय का?"

बाई चष्मा काढून पुसत बसल्या. मी टक्कलवाल्या परीक्षकांकडे वळले, तेच मुख्य दिसत होते. "साहेब, एकदा परत वाजवू द्या. मी बाहेर जाऊन उभी राहते. रस्त्यावर जाते, म्हणाल तर!"

"एकाला एकदाच, बाई."

"माझ्यामुळे झालं हो हे. तिचा काय दोष?"

"दोष नाहीच तिचा," ते म्हणाले. "पण हिला दोनदा ऐकलं तर सकाळपासून बाकीची जी मुलं वाजवून गेली, त्यांना काय सांगू? घाबरून चुकलेलीही होती त्यांत. त्यांनाही आई असेलच की."

माणूस उर्मट असता तर मी भांडले असते, भांडणात मी कोणाला हार जात नाही. पण तो बरोबर बोलत होता. वॉर्डात मीही हेच बोलते, रोज, ओरडणाऱ्या नातेवाइकांना. अशा माणसाचं काय करायचं? मी पर्स उचलली.

बाहेर त्या मुलाचे वडील भेटले. "कसं झालं?" त्यांनी विचारलं. "छान," मी म्हटलं. मुलीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

बसमध्ये मागची जागा मिळाली. ड्रम दोघींच्या पायांमध्ये धरून बसलो. बराच वेळ मी तोंडाचा पट्टा चालू ठेवला. नियमांवर, त्या मऊ खुर्च्यांवर, तिच्या शहाणपणावर. "एवढं कोणी समंजस असतं का? जरा आदळआपट केली असतीस लहानपणी, उठवलं असतंस मला, तर माझं काय जाणार होतं?"

"तुझी ड्यूटी असायची," ती म्हणाली.

 तिने पिशवीतून काठ्या काढल्या आणि ड्रमच्या कडेवर वाजवायला लागली. आधी दबकत, मग चिडून. काय वाजवत होती मला कळत नाही, पण त्यात राग होता, रडू होतं, आणि ते इतकं चांगलं होतं की पुढच्या बाकांवरची माणसं वळून बघायला लागली. 

रात्रभराचा शीण, बसचं डुलणं. माझ्या पापण्या नुसत्या टेकल्या असतील, नसतील.

लगेच काठ्यांचा आवाज खाली गेला.

मी डोळे उघडले, ताठ बसले आणि खिडकीची दांडी घट्ट धरली. "वाजव," मी म्हटलं. "जागी आहे मी."

आमचा थांबा येईपर्यंत मी डोळे मिटले नाहीत.