नऊ किलोची बॅग

परशुरामने बॅग उचलली आणि जिन्याच्या दुसऱ्याच पायरीवर तो थबकला.

"काय झालं, बाबा?" वरून चांदणीने विचारलं. ती आरशासमोर उभी राहून अंबाड्यात शेवटची पिन खोचत होती.

"काय न्हाय."

तो बॅग घेऊन खाली उतरला. बॅग साडेचार किलोची होती. दोन वर्षं तो ड्यूटीच्या दिवशी लेकीची ही निळी बॅग खाली आणून देत होता आणि ती कायम नऊ किलो भरायची. या बाबतीत त्याच्याशी कुणी वाद घालू नये. तीस वर्षं त्याने मिठागरात गोणी भरल्या होत्या. गोणीला हात लावून तो वजन सांगायचा आणि काटा बिचारा नंतर नुसती मान डोलवायचा.

"आज कुठं?"

"ताशकंद. संध्याकाळी परत." ती खाली बघून बूट चढवत होती. "गाडी नाक्यावर येईल. आत नको म्हटलंय, गल्लीत अडकते."

पूर्वी कंपनीची हीच गाडी दारात यायची. दोन हॉर्न वाजायचे आणि परशुरामची पोरगी विमानावर चालली हे अख्ख्या खारी गावाला कळायचं. तेव्हा गल्ली अरुंद नव्हती काय?

ती गेल्यावर तो स्वयंपाकघरात आला. खिडकीच्या फळीवर त्याच्या बायकोने, द्वारकाने, हॉटेलांतल्या साबणाच्या छोट्या वड्या मांडल्या होत्या. चांदणी परदेशात रात्रीचा मुक्काम करून आली की आईला अशी एक वडी आणायची, आणि द्वारका ती वापरायचीच नाही, नुसती मांडून ठेवायची. परशुरामने मोजल्या. अकरा. शेवटची आली त्याला दोन महिने झाले होते. आता त्याच दिवशी परत येते म्हणून साबण नाही, असं पोरगी सांगत होती. द्वारकाला ते पटलं होतं. तिला काय, काहीही पटतं.

कुणीतरी मुलगा असणार. दुसरं काय असेल? 'नोकरी आहे तोवर तुझ्या लग्नाचं नाव या घरात निघणार नाही,' असा शब्द त्याने लेकीला दिला होता. त्या शब्दाच्या जोरावर तो द्वारकाच्या भावाला, आत्मारामला, वर्षभर टोलवत होता. आत्मारामने चांदणीसाठी भाईंदर पश्चिमेचा निहार हेरून ठेवला होता. स्वतःचं मेडिकल स्टोअर, एकुलता एक. येत्या रविवारी आत्माराम शेवटचा जबाब घ्यायला येणार होता. आपण पोरीसाठी भांडायचं आणि पोरीने आपल्याच डोळ्यांत धूळ फेकायची?

दोन दिवसांनी तो तिच्या मागावर गेला. नाक्यावर कंपनीची गाडी आली नाही. चांदणी रिक्षात बसली. परशुरामने मागची रिक्षा केली.

"वो आगेवाली के पीछे ले," तो म्हणाला आणि स्वतःच ओशाळला.

हाटकेशला तिची मैत्रीण हेमाली इमिटेशन दागिन्यांचा गाळा चालवायची. चांदणी आत गेली. थोड्या वेळाने साधा सलवार-कुडता घालून बाहेर आली आणि दारातल्या स्टुलावर मांडीवर फोन घेऊन बसली. परशुराम एका टेम्पोच्या आडोशाला दोन तास उभा राहिला. मुलगा काही आला नाही. कुणीच आलं नाही. फोन वाजला की ती दचकून बघायची आणि पुन्हा मांडीवर ठेवायची. एवढी तयारी करून आणलेला राग आता ठेवायचा कुठे, हे परशुरामला कळेना.

परत येताना नाक्यावरच्या टपरीवर त्याला बंटी दिसला, कंपनीच्या गाडीचा ड्रायव्हर.

"अरे काका! मॅडम कशा आहेत? बहुत दिन हो गये."

"बरी हाय," परशुराम सावधपणे म्हणाला. "तू येत न्हायस आता."

"ड्यूटीच नाही तर कशाला येणार?" बंटीने कटिंग खाली ठेवला. "तुम्हाला माहीत नाही? कंपनीने नवीन रूट टाकले, त्यासाठी बाहेरच्या कंपनीकडून विमानं भाड्याने घेतली. मॅडमचा ताशकंदचा रूट पण त्यांनाच दिला. तिकिटावर नाव आपलं, विमान त्यांचं. पायलट त्यांचे, आतल्या पोरी पण त्यांच्याच. पूरी टीम साथ में. आपल्या पोरींना बोलले, घरी बसा, लागलं तर फोन करू. दोन महिने झाले."

"माणसांसकट भाड्याने आणलं?"

"माणसांसकट."

परशुराम टपरीच्या बाकावर बसला. ज्या वर्षी मिठागर नव्या ठेकेदाराकडे गेलं त्या वर्षी त्यानेही आपली माणसं बाहेरून आणली होती, फावडी आणि टोपल्यांसकट. 'लागलं तर बोलावू,' असंच तो म्हणाला होता. पुढचे चार महिने परशुराम रोज सकाळी डबा घेऊन निघायचा, लांबच्या बांधावर बसायचा आणि संध्याकाळी पाय चिखलात बुडवून घरी यायचा. द्वारकाला त्याने हे आजवर सांगितलेलं नव्हतं. तेव्हा जी लाज वाटली होती ती आज पुन्हा वाटली, आणि रिक्षाने लेकीच्या मागे गेल्याची तर त्याहून जास्त वाटली.

"रविवारी सुट्टी हाय का तुला?" त्याने बंटीला विचारलं.

रविवारी आत्माराम सकाळीच येऊन खाली ओटीवर बसला. चांदणी गणवेशात जिन्यावरून उतरू लागली तसा त्याने तिला आपादमस्तक न्याहाळलं.

"आज पण ड्यूटी? मी तर ऐकलं, पोरींना घरी बसवतायत. नोकरी हाय ना गो नक्की?"

"आहे ना, मामा." चांदणीचा आवाज कोरडा पडला होता. "ताशकंद."

"बरं बरं. मग चल, नाक्यापर्यंत मी येतो. गाडी तरी बघू कंपनीची." तो उठला आणि परशुरामने जिन्याखाली आणून ठेवलेल्या बॅगेला त्याने हात घातला.

"मामा, राहू दे, मी घेते." ती घाईने दोन पायऱ्या उतरली, पण तोवर त्याने बॅग उचलली होती. उचलली म्हणजे काय, खांदा एका बाजूला झुकला.

"आयला! दगड भरलेस काय?"

चांदणी बॅगेकडे बघत राहिली. मग तिने वडिलांकडे पाहिलं.

"नऊ किलो," परशुराम म्हणाला. "ड्यूटी असली का तेवढीच भरते."

दारात गाडी येऊन थांबली. दोन हॉर्न वाजले. आत्माराम बॅग खाली ठेवून मुकाट्याने चहाकडे वळला. चांदणी जागची हलली नाही. तिचे डोळे भरून आले होते आणि गणवेशावर काजळ ओघळू नये म्हणून ती वर बघत होती. परशुरामने बॅग उचलून तिच्या हातात दिली.

"जा. बंटी थांबलाय."

गाडी गल्लीतून वळली, कुठेही न अडकता. आतून बरणीचं झाकण वाजलं.

"अहो," द्वारकाने विचारलं, "बरणीतलं खडेमीठ कुणी काढलं? काल तर भरलेली होती."

"येईल," परशुराम म्हणाला. "संध्याकाळी परत येईल."