हौसाबाईंचा रिकामा डबा

मित्रांनो, माझ्या झाकणाला पोचे पडले आहेत. एका बाजूची कडी तुटली म्हणून तिथे तार बांधली आहे. मी एक जुना जेवणाचा डबा आहे, तीन पुडांचा म्हणजे तीन कप्प्यांचा, स्टीलचा. जन्मभर मी भाजी-भाकर वाहिली. मधले एक वर्ष मात्र मी रोज एक खोटेही घरी वाहून आणले. त्याच वर्षाची गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

एका कारखान्यात पत्र्यावर यंत्राचा दणका बसला आणि मी गोल झालो. पुढे वाशीमला पाटणी चौकातल्या एका भांड्यांच्या दुकानात मी टांगलेला होतो. हौसाबाईंच्या वडिलांनी लेकीच्या आंदणासाठी मला निवडले. दुकानदाराने टकटक करून माझ्या झाकणावर हौसाबाईंचे नाव कोरले आणि मी त्यांच्याबरोबर सासरी आलो.

वाशीमहून अनसिंगकडे जाणाऱ्या रस्त्यालगत त्यांच्या नवऱ्याचा, रंगरावांचा, भाजीचा मळा आहे. वांगी, मेथी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर, जे निघेल ते रंगराव सकाळी वाशीमच्या बाजारात नेत. मी गाडीच्या हँडलला लटकून सोबत जाई. दुपारी बाजारातल्या कडुलिंबाखाली माझे झाकण उघडले की शेजारचे भाजीवाले आपापली भाकर घेऊन जवळ सरकत. हौसाबाईंची वांग्याची भाजी म्हणजे काय सांगू! तीळ, कारळं, खोबरं भाजून वाटलेलं, वर तेलाचा तवंग. रंगराव माझे पूड बोटाने निपटून काढत.

संध्याकाळी घरी पोचलो की हौसाबाई आधी मला उघडून पाहत. मी रिकामा दिसलो की त्यांचा चेहरा खुले. रंगराव तोंडाने कौतुक करणाऱ्यांतले नव्हते. मुलगा पवन आणि सून सायली नोकरीसाठी दूर राहायला गेल्यापासून घरात ही दोघेच. तेव्हा जी काही शाबासकी हौसाबाईंना मिळायची, ती माझ्या हातूनच.

मग एका पावसाळ्यात हौसाबाईंना ताप आला. ताप उतरला, त्या उठल्या, चुलीपाशी आल्या. पण त्या तापाने त्यांच्या नाकाचा वास नेला आणि जिभेची चवही नेली. त्यांनी हे कोणाला सांगितले नाही. मला कळले, कारण मी ओट्यावरच होतो. त्यांनी कांदा चिरून नाकाशी धरला. हिंगाची डबी हुंगली. शेवटी मिठाचा खडा जिभेवर ठेवला आणि किती तरी वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग पदराने तोंड पुसले आणि अंदाजाने फोडणी घातली.

हाताला सवय होती, म्हणून काही दिवस निभावले. पण कधी हात मीठ टाकायचे विसरे, कधी दोनदा टाके. एकदा खोबरे जळून कडू झाले. घरभर धूर झाला होता, पण त्यांना वासच आला नाही.

ती जळकी भाजी घेऊन मी बाजारात गेलो. रंगरावांनी पहिला घास घेतला आणि तसाच थुंकला. त्यांना भूक तर लागलेली. स्टेशनच्या रस्त्यावर लखमाबाईंची पोह्यांची गाडी आहे. ते मला काखोटीला मारून तिथे गेले. वाफाळते आलुपोहे, वर लालभडक तर्री, शेव आणि कांदा. दोन घासांत त्यांच्या कपाळावर घाम आला आणि तिसऱ्या घासाला डोळे मिटले.

"घरचा डबा हातात, अन् पोहे माह्याकडचे?" लखमाबाईंनी हसत विचारले.

रंगरावांनी बशी संपवून पैसे दिले. बाजारामागे एक गाय उभी असे. तिला त्यांनी माझ्यातल्या भाकरी घातल्या. भाजी मात्र नालीत ओतावी लागली. ओतताना ते पुटपुटले, "माफ कर माय." हे अन्नाला म्हणाले की हौसाबाईंना, मला समजले नाही.

घरी जाऊन खरे सांगायचे, असे त्यांनी ठरवले होते. वाटेत गाडीवर ते स्वतःशीच बोलत होते, "भाजी जळली होती वं आज, एवढंच म्हनू." पण दारात हौसाबाई उभ्या होत्या, तापाने गाल बसलेल्या. त्यांनी मला घेतले, झाकण काढले आणि आजारपणानंतर पहिल्यांदा त्या हसल्या.

"आवडली?"

"झकास झाली होती," रंगराव म्हणाले.

मित्रांनो, खोटे असेच सुरू होते, कोणाचे तरी हसू मोडवत नाही म्हणून.

दुसऱ्या दिवशी भाजी खारट, तिसऱ्या दिवशी अळणी. रंगराव शहरभर फिरू लागले. बसस्थानकासमोर गरम कचोरी, अकोला नाक्याकडे एका हातगाडीवर डोसा, उपासाच्या दिवशी साबुदाण्याची उसळ. कुठे मूगभजे आणि कढी, कुठे वरण-बट्टी. म्हातारपणी माणसाला जिभेचे तारुण्य आले. खोटे कशाला बोलू, ते सगळे त्यांना फार आवडे. कचोरी फोडून तिच्यात चिंचेची चटणी ओतताना त्यांचे डोळे लहान मुलासारखे चमकत. आणि तेवढ्यात त्यांची नजर बाकावर ठेवलेल्या माझ्याकडे जाई. मग ते मला बाकाखाली सरकवत. एकदा तर त्यांनी माझ्यावर गमछा टाकला. झाकणावरचे नाव त्यांना दिसू नये म्हणून.

घास गोड लागला की मन अधिक खाई. घरी निघताना ते मूठभर बडीशेप चावत, मिशा धुवून घेत, कचोरीचा वास हौसाबाईंना येऊ नये म्हणून. त्या बाईला कसलाच वास येत नव्हता, हे मला एकट्याला ठाऊक होते. ती आपली चव लपवत होती, तो आपली भूक लपवत होता, आणि दोघांच्या मध्ये मी रिकामा होऊन ये-जा करीत होतो. रात्री रंगराव "दुपारीच लय जेवलो" म्हणून दूध-भाकर खात. भाजी चाखण्याची वेळच येऊ देत नसत.

उन्हाळ्याच्या तोंडी शेजारचे गोपीचंद आणि त्यांची बायको रुख्मिणी घरी आले. त्यांच्या लेकीचा, निताचा, साखरपुडा ठरला होता. नवऱ्या मुलाकडचे पाहुणे जऊळका गावचे.

"हौसाकाकू, वांग्याची भाजी तुमच्याच हातची पाह्यजे," रुख्मिणी म्हणाली. "बाकी आचारी करन."

ते गेल्यावर हौसाबाईंनी मला घासून धुतले. मग रंगरावांच्या पुढ्यात येऊन बसल्या.

"आवो, एक खरं सांगा. तापापासून मले काई पयल्यासारखं वाटत नाही. एवढ्या मानसाईचं जमन का मले? नसन जमत तं आताच नाही म्हनतो."

रंगरावांनी मान खाली घातली. माझ्याकडे पाहिले. मी मोरीत पालथा पडलो होतो, धुतलेला, स्वच्छ. त्यांनी तेव्हा तोंड उघडले असते तर पुढचे काही घडले नसते.

"काहून नाही जमन?" ते म्हणाले. "तुह्या हातचा डबा मी चाटूनपुसून खातो. पाह्यतं ना तू रोज."

"हो," हौसाबाई म्हणाल्या. "थेच पाहून तं धीर येते."

साखरपुड्याच्या दिवशी हौसाबाईंनी वाटलेला मसाला माझ्या तिन्ही पुडांत भरून नेला. मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, भाजी शिजली. रंग असा सुरेख आला की आचारीही डोकावून गेला. पंगत बसली. पहिला घास घेतला आणि जऊळक्याचे पाहुणे एकमेकांकडे पाहू लागले. एका म्हाताऱ्याने घास पत्रावळीवर काढून ठेवला आणि पाणी मागितले. कोणी तरी म्हणाले, "मिठाचं पोतं सांडलं काय बावा?" चार जण हसले. गोपीचंदांचा चेहरा उतरला. वाढपी भाजीची बादली घेऊन तसाच परतला.

हौसाबाईंनी पळीने भाजी घेतली, जिभेवर ठेवली. काही कळले नाही. त्या गोंधळून इकडेतिकडे पाहू लागल्या. त्यांची नजर रंगरावांवर थांबली.

"तुमी सांगा," त्या म्हणाल्या. "खारट हाय का?"

रंगराव उठून उभे राहिले.

"हिचं काई नाही चुकलं," ते सगळ्यांना म्हणाले. "मीठ टाकलं नाही असं वाटून मीच मागून मूठभर टाकलं. मले माफ करा."

आचाऱ्याने घाईघाईने बेसन घोटले, पाहुण्यांनी मनावर घेतले नाही, सोयरीक टिकली. पण हौसाबाई सकाळपासून गंजापासून हललेल्या नव्हत्या. रंगराव तिकडे फिरकलेही नव्हते, हे त्यांना पक्के माहीत होते.

घरी आल्यावर त्यांनी मला दोघांच्या मध्ये ठेवले.

"आता सांगा. माहा डबा कोन खात होतं?"

रंगरावांनी सगळे सांगितले. गाय, नाली, पोहे, कचोरी, बडीशेपसुद्धा. हौसाबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी आपले सांगितले, कांदा, हिंग आणि मिठाचा खडा. रंगरावांनी दोन्ही हातांनी डोके धरले.

"मले सांगाचं तं होतं हौसा!"

"कोनाच्या तोंडानं सांगू? रांधनाऱ्या बाईची जीभच गेली तं तिच्यापाशी राह्यलं काय? वाटे, जीभ गेली तरी हात शाबूत हाय. रोज तुमचा रिकामा डबा पाहो अन् दुसऱ्या दिवशी चूल पेटवो." त्यांनी मला बाजूला सारले. "जेवन बाहेर केलं त्याचं काई नाही. पन मी सरळ इचारलं होतं तुमाले. तवाबी तुमी मले मांडवात जाऊ देलं."



दुसऱ्या दिवशी हौसाबाईंनी मला खुंटीला अडकवले. "आता कायले डबा? सारं शहर हाय तुमाले." रंगराव एकटे बाजारात गेले. परत येत तेव्हा त्यांचे तोंड सुकलेले असे. खुंटीवरून मी ऐकले, ते हौसाबाईंच्या पाठीला सांगत होते, "कचोरी घेतली होती. गिळलीच नाही." पाठ वळली नाही.

असे किती तरी दिवस गेले. एका सकाळी रंगरावांनी भाजीचे गाठोडे बांधलेच नाही. मला खुंटीवरून काढले, गाडीच्या हँडलला लटकवले आणि हौसाबाईंना म्हणाले, "चाल, गाडीवर बस. डॉक्टरले दाखवू."

वाशीमच्या डॉक्टरांनी तपासले. चव परत येईलही, न येईलही, असे ते म्हणाले. बाहेर आल्यावर रंगराव हौसाबाईंना लखमाबाईंच्या गाडीवर घेऊन गेले. हौसाबाईंनी एक घास घेतला.

"गरम हाय," त्या म्हणाल्या. "शेव कुरकुरीत हाय. बाकी काई नाही." मग नवऱ्याकडे पाहून म्हणाल्या, "कसं लागते, थे सांगा. खरं सांगा."

रंगरावांना जन्मात कधी चव शब्दांत सांगता आली नव्हती. ते अडखळले. "कांदा... गोडसर हाय. लिंबू मागून येते. तर्री जिभेच्या शेंड्याले नाही, पार गळ्यात झोंबते. मीठ..." ते थांबले. "मीठ जरा कमी हाय."

"माह्या पोह्यात मीठ कमी?" लखमाबाईंनी कमरेवर हात ठेवले.

हौसाबाई हसल्या. हसता हसता त्यांचे डोळे भरले. त्यांनी सारी बशी संपवली, न लागणाऱ्या चवीसकट.

आता सकाळी मला भरण्याआधी रंगराव चुलीपाशी बसतात. हौसाबाई पळी पुढे करतात, ते चाखतात आणि जे असेल ते सांगतात. "तिखट झालं." "अजून चिमूटभर मीठ." कधी हौसाबाई चिडतात, "लय खोडी काढून राह्यले आज!" पण चिमूटभर टाकतात. चव अजून आलेली नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी दोघे मिळून कचोरी खातात. रंगराव आता बडीशेप चावत नाहीत. तरी संध्याकाळी माझे झाकण उघडताना अजूनही हौसाबाईंचा हात क्षणभर थबकतो. ते वर्ष त्यांच्या मनातून पुसले गेलेले नाही, आणि माझ्यावरूनही ते कोणी घासून काढू शकलेले नाही.

निताच्या लग्नाच्या आधी रुख्मिणी पुन्हा आली. बोलायला संकोचत होती. हौसाबाईंनीच विषय काढला.

"भाजी करतो मी. पन मले चव समजत नाही, हे साऱ्याईले सांगून ठेव. चाखाले मानूस मी सोबत आनतो."

लग्नाच्या मांडवात गंजापाशी रंगराव पळी घेऊन उभे राहिले. बाप्ये हसले, त्यांनी लक्ष दिले नाही. पहिल्या पळीला ते म्हणाले, "मीठ जास्त झालं, हौसा," सगळ्यांना ऐकू जाईल असे. हौसाबाईंनी मान हलवली आणि गंजात आणखी वांगी सोडली.

मित्रांनो, तुमच्याही घरी कोणी तरी पहाटे उठून डबा भरत असेल. कधी भाजी बिघडली तर शहरात खुशाल काही चांगले खा, त्यात पाप नाही. पण डबा गुपचूप रिकामा करून आणू नका. उरलेले तसेच घरी न्या आणि काय झाले ते सांगा. ज्याने रांधले, त्याला ते कळू द्या.