साक्षर गावचा अंगठा

शरच्चंद्र कामतघरच्या चाळीत राहायचा आणि भिवंडीतल्या एका सरकारी कचेरीत कारकून होता. कचेरीचं नाव सांगून कुणाचं भलं होणार नाही, म्हणून सांगत नाही. एक्क्याऐंशी साली तो तिथं चिकटला तेव्हाच त्यानं ठरवून टाकलं होतं की रिटायर व्हायचं ते नायब तहसीलदार होऊनच. पाठीला टॉवेल टाकलेली खुर्ची, टेबलावर घंटी आणि दाराबाहेर स्टुलावर शिपाई. बाकीचे कारकून दुपारी गप्पा छाटत तेव्हा हा शासन निर्णय वाचत बसे. साहेबाच्या मनात काय आहे हे साहेबाच्या आधी ओळखून टिप्पणी लिहिण्याचा हात त्याला असा काही बसला होता की तीन साहेब बदलले, पण त्याच्या टिप्पणीखालचा 'सहमत' हा शेरा बदलला नाही.

ब्याण्णव साली साक्षरतेची मोहीम आली आणि वडप्याच्या पलीकडचं करंजपाडा हे गाव शरच्चंद्राच्या गळ्यात पडलं. रोज संध्याकाळी जायचं, म्हाताऱ्याकोताऱ्यांना अक्षरं गिरवायला लावायची आणि सहा महिन्यांनी अहवाल द्यायचा. तो दोनदा गेला. पहिल्यांदा गाव भाताच्या लावणीवर होतं, दुसऱ्यांदा कुणाच्या तरी हळदीला. तिसऱ्यांदा तो गेलाच नाही. एका रविवारी दुपारी चहाचा कप घेऊन बसला, गावाची मतदारयादी समोर ठेवली आणि एकेका नावापुढे 'साक्षर' लिहीत सुटला. पाच वाजेपर्यंत सगळं गाव शिकून मोकळं झालं. वर्षापूर्वी वारलेला राघोसुद्धा त्यात शिकला.

त्याची बायको सुमती नारपोलीच्या शाळेत शिक्षिका होती. तिनं यादीवरून नजर फिरवली. "अहो, मला चाळीस पोरांना बाराखडी शिकवायला वर्ष जातं. तुम्ही एका चहात एकशे साठ माणसं शिकवलीत?"

"तुमच्या खात्यात नियोजन नाही," शरच्चंद्र म्हणाला.

अहवाल वर गेला, शरच्चंद्राला शाल आणि नारळ मिळाला, आणि गावाच्या वेशीवर 'शंभर टक्के साक्षर गाव' अशी पाटी लागली. ती वाचायला माणूस मात्र बाहेरून यावा लागे. एवढ्यावर थांबेल तो शरच्चंद्र कसला! कुणी अंगठा लावलेला अर्ज घेऊन आलं तर अहवालाचं पितळ उघडं पडेल, म्हणून त्यानं आणखी एक टिप्पणी चढवली. पूर्ण साक्षर गावातल्या अर्जांवर अंगठा स्वीकारू नये, स्वीकारल्यास मोहिमेस बाधा येईल. खाली साहेबांचं 'सहमत'. शाईचा पॅड त्यानं स्वतःच्या हातानं कपाटात बंद केला.

पंच्याण्णवच्या मे महिन्यात करंजपाड्याची गोदूबाई त्याच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. साठीची बाई, नवरा गेल्यावर माहेरी परत आलेली, बापाच्या शेताच्या तुकड्यावर खोपट बांधून भाजीपाला पिकवणारी. तुकडा नेमका हायवेला लागून. तिथं गोदामं उभी राहणार अशी बोलवा झाल्यापासून तिचा भाऊ हिरामण फार प्रेमळ झाला होता, आणि आता चावडीवर नोटीस लागली होती. बहिणीनं हिस्सा सोडल्याचा जबाब दिला आहे, सबब तिचं नाव कमी करण्यात येत आहे, कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी. साक्षर गावात वाचणारं कुणी भेटेना, तेव्हा गोदूबाईनं नोटीस भिंतीवरून काढली आणि एस.टी.च्या कंडक्टरकडून वाचून घेतली.

"सायब, मी काय बी सोडलेला न्हाय," ती म्हणाली. "माजी हरकत हाय. लावून घ्या अंगठा."

नोटिशीवरचं गावाचं नाव वाचताच शरच्चंद्राची नजर बंद कपाटाकडे गेली. बढतीची यादी महिन्याभरात लागायची होती. "मावशी, अंगठा चालत नाही. सही लागेल."

"मना कुठं सही येते?"

"येते," शरच्चंद्र हळूच म्हणाला. "रेकॉर्डला आहे."

गोदूबाई हसली. तिला वाटलं सायब थट्टा करतोय. मग त्याचा चेहरा बघून तिचं हसू विरलं. "म्हंजी माजी जमीन जानार?"

आता इथं दुसरा कुणी असता तर बाईला हाकलून मोकळा झाला असता. शरच्चंद्र तितका वाईट नव्हता, हीच तर सगळी भानगड झाली. हरकतीला अजून नऊ दिवस होते. त्याला वाटलं, अंगठा घ्यायला नको, अहवाल खोटा पडायला नको आणि बाईचंही काम व्हावं. त्यानं कपाटामागची एक जुनी पाटी काढली आणि ठळक अक्षरांत तिचं नाव लिहिलं. "रोज जेवणाच्या सुट्टीत यायचं. हे गिरवायचं."

ती रोज आली. वडप्यापर्यंत चालत, पुढे मिळेल त्या टेम्पोनं. येताना पदरात वालाच्या शेंगा आणायची आणि त्याच्या टेबलाच्या कडेला ठेवायची. विळा धरणाऱ्या हाताला पेन्सिल जुमानत नव्हती. पहिल्या दिवशी तिनं दोन पेन्सिली मोडल्या. पाचव्या दिवशी 'गो' उभा राहिला, तेव्हा शरच्चंद्राला इतका आनंद झाला की त्यानं शिपायाला चहा आणायला धाडलं. विभागीय परीक्षेचा निकाल लागला तेव्हासुद्धा तो एवढा खूश झाला नव्हता. घरी जाऊन त्यानं सुमतीला सांगितलं, "आज मी एक माणूस शिकवलं."

"खरोखरचं?" सुमतीनं विचारलं. शेंगा निवडता निवडता ती त्याच्याकडे बघून हसली, फार दिवसांनी.

नवव्या दिवशी गोदूबाईनं हरकतीच्या अर्जाखाली सही केली. शरच्चंद्रानं पोचीचा शिक्का मारला. ज्या जबाबावरून नोटीस निघाली तो कागद एकदा मागवून बघावा, हे काही त्याला सुचलं नाही. आपला अहवाल शाबूत आहे ना, एवढंच त्यानं पाहिलं.

सुनावणी जूनमध्ये लागली. साहेब खुर्चीत, बाजूला फाइल धरून शरच्चंद्र, समोर हिरामण आणि त्याचा वकील, आणि इस्त्रीचं लुगडं नेसून आलेली गोदूबाई. वकिलानं जबाब पुढं केला. तारीख गेल्या दिवाळीची. खाली सही, गोदूबाई.

"ही माजी न्हाय," गोदूबाई म्हणाली. "दिवालीला मना सहीच येत नव्हती. मी अंगठा लावनारी बाई."

वकिलानं शांतपणे हरकतीचा अर्ज दाखवला. "आणि ही कोणाची?"

"ही माजी!" तिच्या आवाजात अभिमान होता.

"म्हणजे सही येते."

"आता येते. या सायबांनी शिकवली. गेल्या मयन्यात, हितंच." तिनं शरच्चंद्राकडे बोट केलं. ती जराही घाबरलेली नव्हती. सायब सांगतीलच, याची तिला खात्री होती.

वकील म्हणाला, "साहेब, साक्षरतेची यादी कचेरीतच असेल. बघून घ्यावी."

यादी शरच्चंद्रालाच काढावी लागली. त्याचंच अक्षर, त्याचीच सही. अनुक्रमांक एकशे चौदा, गोदूबाई, साक्षर, सन एकोणीसशे ब्याण्णव. साहेबांनी चष्मा वर केला. "काय हो, बाई म्हणतात ते खरं? तुम्ही आत्ता शिकवलंत?"

हो म्हणायला एक शब्द पुरला असता. शरच्चंद्राच्या ओठांपर्यंत तो आलाही होता. त्याला शरम वाटत होती, मनापासून वाटत होती. पण चौदा वर्षांत साहेबांपुढं त्यानं रेकॉर्डबाहेरचं एक अक्षर काढलं नव्हतं, आणि बढतीची यादी साहेबांच्या ड्रॉवरमध्ये होती.

"रेकॉर्डप्रमाणे बाई ब्याण्णव सालापासून साक्षर आहेत, सर."

साहेबांनी हरकत फेटाळली. निकाल लिहायचं काम अर्थात शरच्चंद्राकडेच आलं. चार दिवसांनी गोदूबाई नक्कल घ्यायला आली, तेव्हा त्यानं मान वर केली नाही. नक्कल मिळाल्याची सही घ्यायची होती. तो उठला, तीन वर्षं बंद असलेलं कपाट उघडलं आणि शाईचा पॅड तिच्यासमोर सरकवला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

गोदूबाईनं पॅडकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"ऱ्हाऊ दे, सायब. रेकॉर्ड बिघडंल तुजा."

तिनं पेन उचललं आणि एकेक अक्षर दाबून, त्यानं शिकवलं होतं तसं नाव लिहिलं. मग पदराची गाठ सोडली आणि वालाच्या शेंगा नेहमीसारख्या टेबलाच्या कडेला ठेवल्या.

"घरी ने. शेवटच्या हायेत."