औषधाच्या दुकानातली चुटकीवाली

मी बोलते असं म्हणणं तसं खोटंच. मी वाजते. माझी एक नांगी माझ्या निम्म्या अंगाएवढी आहे. ती उघडून झटक्यात मिटली, की पाण्यात एक बुडबुडा तयार होतो आणि तो फुटताना असा आवाज निघतो, की भरल्या दुकानात माणसं मान वळवतात. मी एक चुटकीवाली कोळंबी आहे. लांबी विचाराल तर तुमच्या करंगळीची दोन पेरं. पण आवाज ऐकाल तर घोड्याएवढी वाटेन.

डोळे आहेत, पण उजेड आणि अंधार यापलीकडे ते मला फारसं काही सांगत नाहीत. त्यामुळे ही सगळी हकिकत ऐकलेली आहे, किंवा मिशांनी चाचपलेली. पाण्यातून फार छान ऐकू येतं. तुम्ही कधी करून बघितलंत का?

माझा जन्म एका दगडात झाला. तो दगड एका म्हाताऱ्या हौशी माणसाच्या काचेच्या टाकीत वीस वर्षं होता. त्याला पोवळ्यांचा थर चढलेला, पोटात शंभर बिळं. म्हातारा मुलाकडे राहायला निघाला आणि त्यानं टाकी मोडली. दगड ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळला गेला, पिशवीत पडला आणि ट्रामनं इब्राहिमिया नावाच्या वस्तीकडे निघाला. सगळ्यात आतल्या बिळात मी होते. ही गोष्ट विकणाऱ्याला माहीत नव्हती आणि घेणारीलाही नव्हती.

घेणारी होती दोक्तोरा बहिगा. अलेक्झांड्रियात औषधाच्या दुकानदारिणीलाही दोक्तोराच म्हणतात. तिच्या दुकानाच्या फळीवर, फरशीवरच्या लोखंडी वजनकाट्याच्या शेजारी, तीस लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी होती. तीस लिटर म्हणजे मोठी घागर-दीड घागर. तेवढ्यात सगळा समुद्र मावायला हवा होता. बटणांसारखी उघडमीट करणारी पोवळी, दुसऱ्याच्या शंखात राहणारे तीन खेकडे, दोन गोगलगायी, आणि शुअला नावाचा एक लाल शेपटीचा मासा. बहिगा रोज सकाळी शटर उघडलं की आधी मिठाचं प्रमाण बघायची, उडून गेलेल्या पाण्याइतकं शुद्ध पाणी थेंबाथेंबानं घालायची, आणि मग गिऱ्हाइकांकडे वळायची.

"दोक्तोरा, माझ्या रक्तदाबाची गोळी," कोणी म्हणायचं.

"एक मिनिट, ह्यांची आधी तपासणी होऊ दे," असं म्हणून ती पोवळ्यांकडे वाकायची.

खरं तर तिला समुद्रातल्या जिवांचाच अभ्यास करायचा होता. वडिलांनी औषधशास्त्राला घातलं. "समुद्र काय पळून जातोय का?" असं ते तेव्हा म्हणाले होते, आणि हे वाक्य ती त्यांना महिन्यातून एकदा तरी ऐकवायची.

ते वडील, इस्मत, टाकीच्या बाजूच्याच खुर्चीत दिवसभर बसायचे. एकतीस वर्षं आरमारात होते. पाण्याखालचे आवाज ऐकायचं त्यांचं काम, कानाला यंत्र लावून. आता काचबिंदूनं नजर जवळजवळ गेली होती. दुकानातला मदतनीस गिर्गिस त्यांना रईस, म्हणजे कप्तान, म्हणायचा. गिर्गिस पंचेचाळिशीचा, जिभेचा तिखट, आणि सकाळी तअमिया, म्हणजे वालाचे वडे, भरलेली भाकरी खाल्ल्याशिवाय एकही चिठ्ठी न वाचणारा.

नव्या जागेत मी चार दिवस गप्प होते. पाचव्या दिवशी एक गोगलगाय माझ्या दारात अंग घासायला लागली आणि मी नांगी मिटली. चट.

फळीपलीकडून कोणीतरी धावत आलं.

"काच तडकली," बहिगा म्हणाली. तिचा हात काचेवरून फिरताना मला जाणवला. "गिर्गिस, खालचा इन्सुलिनचा फ्रीज बंद कर आधी. तीस लिटर खारं पाणी त्याच्यावर पडलं तर संपलंच."

"काच नाही ती," इस्मत म्हणाले. "जिवंत आहे काहीतरी."

"रईस, मागच्या आठवड्यात तुम्हाला फ्रीजमध्ये जहाज ऐकू आलं होतं."

"फ्रीजची मोटर बिघडली होती. कारागीर काय म्हणाला नंतर?"

मोटर खरंच बिघडलेली होती.

पण बहिगाला पटलं नाही. तिनं काचेचे चारही सांधे तपासले, पुन्हा चिकटवले. मी मात्र आता सुटलेच होते. गोगलगाय आली, चट. खेकडा आला, चट. इस्मत दर वेळी म्हणायचे, "हं." फार मजा यायची. कोणीतरी आपलं ऐकतंय हे कळल्यावर कोणाला गप्प बसवतं?

मग एका सकाळी शुअला दिसेना. त्याच आठवड्यात एक गोगलगायही मेली, तिच्या शंखात खेकडा राहायला गेला. त्याआधी एका छोट्या खेकड्याला मी आवाजानं भोवंडून टाकलं होतं, ते मी नाकारत नाही, तो माझ्या बिळात घुसला होता. पण मासा? माशाला मी शिवलेही नव्हते.

बहिगानं टाक्या पाळणाऱ्या ओळखीच्यांना विचारलं. सगळ्यांनी एकच सांगितलं, आणि तिनं ते दुकानात मोठ्यानं वाचून दाखवलं. दगडातून ठोसेबाज कोळंबी आली असणार. हातोड्यासारखी नांगी असते, मासे खाते, एक दिवस काचही फोडेल. दगड बाहेर काढून पाच मिनिटं गोड्या पाण्यात बुडवा, काय असेल ते मरून बाहेर पडेल.

"शुक्रवारी दुपारी करू," बहिगा म्हणाली. "दुकान बंद असतं."

मी बिळाच्या अगदी तळाशी गेले. गोडं पाणी म्हणजे काय ते आमच्या जातीत कोणाला शिकवावं लागत नाही.

"बहिगा, ऐक," इस्मत म्हणाले. "ठोसेबाज असती तर ठक असा आवाज आला असता. टणक वस्तूवर टणक वस्तू. ही चट करते. तांबड्या समुद्रात मी कानाला यंत्र लावलं की असल्या हजारो ऐकू यायच्या. कढईत तेल तडतडतं ना, अगदी तसं. शत्रूचं जहाज त्या तडतडीमागे लपायचं. हिचा आवाज मी ओळखणार नाही तर कोण?"

"बाबा, तीस वर्षं झाली त्याला."

"म्हणून काय कान बदलले?"

"तुम्हाला दिसत नाहीये की मासा गेलाय."

इस्मत अगदी हळू म्हणाले, "दिसत नाही. कळत नाही असं नाही."

गुरुवारी त्यांनी गिर्गिसकडून स्टेथोस्कोप मागून घेतला. त्याची गोल चकती काचेला टेकली आणि ती थंड टकटक मला बिळात ऐकू आली. ते तासभर ऐकत राहिले. एका बाईनं येऊन विचारलं, "दोक्तोरा, तुमचे वडील टाकी का तपासतायत?" गिर्गिस म्हणाला, "टाकीला दम लागतोय." इस्मत हसले नाहीत. मी त्या तासात अकरा वेळा वाजले. त्यांनी अकराही मोजले, आणि प्रत्येक वेळी गोगलगाय कुठे होती ते गिर्गिसला बघायला लावलं. अकराही वेळा ती माझ्या दारातच होती. पण शुक्रवार काही टळला नाही.

शुक्रवारी दगड उचलला गेला तेव्हा माझं जग उलटं झालं. सगळीकडून पाणी निथळलं, हवा आत आली, कधी न ऐकलेले कोरडे आवाज आले. दगड आधी खाऱ्या पाण्याच्या बादलीत ठेवला. तो कलंडला, मी बिळातून अर्धी बाहेर आले, आणि माझी मोठी नांगी दगड आणि बादली यांच्यामध्ये सापडली. दगड पुन्हा हलला असता तर मी सगळीच चिरडले असते. आमच्यात अशा वेळी एकच उपाय असतो. मी नांगी मुळापासून तोडून टाकली आणि आत पळाले.

"दुसरी बादली इथे आण, गोड्या पाण्याची," बहिगा म्हणाली. "जागा कर जरा. तो वजनकाटा सरकव."

लोखंडी काटा फरशीवर घासला. मग गिर्गिसचे गुडघे फरशीवर टेकले.

"दोक्तोरा," तो म्हणाला, "शुअला सापडला. काट्यामागे. वाळून पापड झालाय."

"उडी मारली," बहिगा म्हणाली. "मीच झाकण उघडं ठेवत होते. हवा खेळती राहावी म्हणून."

"म्हणजे आपण निष्पापालाच तुरुंगात टाकलं," गिर्गिस म्हणाला. "रईस, माझे कान उपटा."

"तुझे राहू देत. दगड आधी परत ठेव."

दगड टाकीत परत गेला. बादली रिकामी करताना बहिगाला तळाशी माझी नांगी मिळाली. तिनं ती बापाच्या तळहातावर ठेवली. पुढचं बोलणं मी शब्द न् शब्द ऐकलं.

"हातोडा आहे का हा?" इस्मत बोटांनी चाचपत म्हणाले. "हात लावून बघ. इथे खाच आहे, इथे दट्ट्या. बंदुकीचा चाप असतो तसा."

"बाबा, मारली मी तिला."

"माहीत नाही अजून."

मी जिवंत होते. पण सांगणार कशानं?

पुढचे अडीच महिने मी मुकी होते. बारकी नांगी होती, ती फक्त चिमटा काढायच्या कामाची. गोगलगाय दारात यायची आणि माझं घर खरवडून जायची. इस्मत रोज सकाळी स्टेथोस्कोप लावायचे. त्यांच्या श्वासाचा आवाज नळीतून काचेवर यायचा. मी बारकी नांगी मिटून मिटून दमायचे, काही व्हायचं नाही. ते उठून जायचे. बहिगा आता त्यांना काही म्हणत नव्हती. झाकणाऐवजी तिनं जाळी बसवली, आणि एके दिवशी कैरोहून एक मासा मागवला. निवटीच्या कुळातला, पट्ट्यापट्ट्यांचा, बोटभर.

"हा म्हणे असल्या कोळंबीचा जोडीदार असतो," ती म्हणाली. "तिचं बीळ, ह्याचे डोळे. ती असलीच तर हा शोधून काढेल."

त्या दिवसाचं काय सांगू. मी बिळाच्या तोंडाशी रेती लोटत होते, मिशी बाहेर काढली, आणि ती कशावर तरी टेकली. मऊ, थरथरणारं. मी पळाले नाही. ते शेपूट होतं. ते दोनदा हललं, सावकाश, आणि थांबलं. मी कधी कोणाकडून काही शिकले नव्हते, तरी मला कळलं: बाहेर ये, कोणी नाही. मी बाहेर आले. आयुष्यात पहिल्यांदा दिवसाउजेडी, उघड्यावर. एक मिशी त्याच्या अंगावर ठेवून मी रेतीचा ढीग बाहेर लोटला, परत आले, पुन्हा लोटला. काय काम केलं म्हणून सांगू. संध्याकाळपर्यंत पोवळ्यांवर रेतीचा थर आणि बिळाला दुसरं दार.

"बाबा, मासा एकाच भोकापाशी बसलाय," बहिगा म्हणाली.

"मासा कुठेही बसतो."

"आणि रेती कोण काढतंय मग?"

"मला ऐकू येईल तेव्हा बोल," इस्मत म्हणाले. पण त्या दिवशी ते उशिरापर्यंत खुर्चीवरून हलले नाहीत.

मी एकदा कात टाकली. बारकी नांगी थोडी फुगली. दुसऱ्यांदा टाकली आणि ती मोठी होऊनच बाहेर आली, उजवीऐवजी डावी. आमच्यात असंच होतं, एक गेली की दुसरी तिची जागा घेते. कवच टणक व्हायला तीन दिवस लागले. तीनही दिवस मी ती वापरली नाही. मनात धाकधूक होती, वाजलीच नाही तर?

चौथ्या दिवशी दुपारच्या आधी दुकानात गर्दी होती. कोणाचं बाळ रडत होतं, गिर्गिस कोणाला तरी गोळी जेवणाआधी की नंतर ते समजावत होता, बाहेर ट्राम थांबत होती. आणि गोगलगाय आली, सवयीनं, अगदी हक्कानं. मी नांगी उघडली.

चट.

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला.

"रईस, गिऱ्हाइकाचा पेन पडला असेल," गिर्गिस म्हणाला.

"आवाज बारीक आहे," इस्मत म्हणाले. "नवी आहे नांगी. पण तीच आहे ती. थांबा सगळे."

आणि इब्राहिमियातल्या औषधाच्या दुकानातली माणसं थांबली. बाळसुद्धा. मला वाटलं आता वाजवलंच पाहिजे. गोगलगाय नव्हती, काही कारण नव्हतं, उगाच वाजवली. चट. पुन्हा एकदा. चट.

"ऐकलं मी," बहिगा म्हणाली. तिचा आवाज काचेच्या अगदी जवळून आला. "बाबा, ऐकलं. तुम्ही सांगत होतात तेव्हाच ऐकायला हवं होतं."

इस्मतनी तिला काय उत्तर दिलं ते मला कळलं नाही. त्याच वेळी सगळे एकदम बोलायला लागले.

त्याला आता वर्ष झालं. मी दुकानात प्रसिद्ध आहे. लोक सर्दीची गोळी घ्यायला येतात आणि "आज वाजली का?" म्हणून विचारतात. इस्मतना आता कोणी तसं चिडवत नाही. मध्यंतरी पंपाचा सूर बदललाय असं ते म्हणाले, तर गिर्गिसनं न विचारता पंप उघडला. माझी एकच विनंती आहे, टाक्या पाळणाऱ्या सगळ्यांना. आम्ही दगडातून न बोलावता येतो, हे खरं. पण बादली भरण्याआधी एकदा कान लावा. आणि घरात कोणी आवाजाचा जाणकार असेल, तर त्याला विचारा.

बाकी आज सांगायला मला वेळ नाही. सकाळपासून पाण्यावर एक पिशवी तरंगतेय, आत काहीतरी हलतंय, आणि दुकानात भांडण चाललंय.

"दोन चुटकीवाल्या एकत्र राहतील?" बहिगा विचारतेय. "नर आहे असं म्हणाला विकणारा. पण मारामारी झाली तर?"

"दोक्तोरा, लग्न म्हटलं की थोडी होणारच," गिर्गिस म्हणतोय.

"गप्प बसा दोघंही," इस्मत म्हणतायत. स्टेथोस्कोप काचेला टेकलाय. पिशवीच्या दिशेनं पाण्यातून एक आवाज आलाय, जाड, अनोळखी, माझा नसलेला.

मी नांगी उघडून धरलीय.