फेरे मोजा

स्नेहलच्या उजव्या स्केटची चारही चाकं दोन्ही कडांनी सारखीच गोल होती. तशी ती असायला नको होती. शर्यतीत सदा डावीकडे वळायचं असतं, त्यामुळे उजव्या पायाच्या चाकांची आतली कड आधी झिजते आणि चाकं काढून उलटी बसवावी लागतात. रिंकच्या कट्ट्यावर पाना घेऊन बसलेल्या स्नेहलने प्रत्येक चाकावरून अंगठा फिरवला, पाना पिशवीत ठेवून दिला आणि स्केट पायांत चढवल्या. शिमग्याआधी बसवलेली चाकं दिवाळी उलटली तरी नव्यासारखी राहिली होती. ती सरावाला रोज यायची, लहान मुलींना वळणं शिकवायची, कोण कुठे घसरणार हे आधीच ओळखायची. स्वतः मात्र कठड्याला टेकून उभी राहायची.

शर्यती सोडायच्या, हे तिच्या मनात केव्हाच ठरलं होतं. फक्त बाबांना सांगायचं राहिलं होतं. आधी म्हणाली, परीक्षा होऊ दे. मग म्हणाली, गणपतीत बाबा येतील तेव्हा समोरासमोर सांगू. गणपतीत बाबांनी बॅगेतून नवंकोरं लाल हेल्मेट काढलं आणि सांगायचं पुन्हा राहून गेलं. बाबा, म्हणजे दीपक, मुंबईत एका गोदामात कामाला होता. आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या वाडीतली आपली पोर चाकांवर पळते, हे गाववाल्यांच्या खोलीत त्याने प्रत्येकाला सांगून झालं होतं.

आणि आता तर टीव्ही.

टीव्ही म्हणजे महाडची केबल. किशोरच्या चॅनेलवर शिमग्याची पालखी, कबड्डीचे सामने आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा लागायच्या. स्नेहलच्या प्रशिक्षक शर्मिला मॅडम कित्येक महिने त्याच्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवत होत्या.

"मॅडम, कबड्डी लावली तर नाते गावापासून पोलादपूरपर्यंत फोन येतात," किशोर म्हणायचा. "गोल गोल फिरणाऱ्या पोरी कोण बघणार? बघणाऱ्यालाच घेरी यायची."

"एकदाच दाखवा. कोणी पाहिलं नाही, तर परत तुमच्याकडे फिरकणार नाही."

"नक्की? मग दाखवतोच!"

असं ठरलं होतं. आज दीपक सकाळीच वीर स्टेशनला उतरून रिक्षाने थेट रिंकवर आला होता. आजोबा हैबती वाडीवरून पोलादपूरला, आपल्या बहिणीच्या घरी केबल आहे म्हणून, टीव्हीसमोर ठाण मांडून बसले होते. बहिणीची नात श्रुतिका लहान गटात धावणार होती, म्हणून त्या घरात आळीही गोळा झाली होती.

पहिली शर्यत लहान गटाचीच. बोलायला किशोर स्वतः. कबड्डीत त्याचा आवाज गाजलेला. कॅमेऱ्यावर विपुल.

"आणि ही श्रुतिका आघाडीवर!" किशोर गरजला. "पुढे वाट मोकळी! मागून रेश्मा जीव तोडून येतेय, पण श्रुतिका काय तिच्या हाताला लागत नाय!"

स्नेहलने मान वर केली. श्रुतिका पहिल्याच वळणावर पडली होती. उठून धावू लागली तोवर बाकीच्या अर्धं रिंगण पुढे गेल्या होत्या. आता ती जवळजवळ एका फेरीने मागे होती, आणि सगळ्यांत पुढची रेश्मा तिला मागून गाठत होती. विपुलचा हात मात्र पालख्यांवर बसलेला. मिरवणुकीत ज्याच्या पुढे वाट मोकळी तो पहिला, कॅमेरा त्याच्यावर धरायचा. इथेही त्याने तेच केलं, आणि किशोर समोरच्या छोट्या पडद्यावर दिसेल ते सांगत सुटला. शेवटच्या रेषेवरून श्रुतिका गेली, तिच्या पाठोपाठ रेश्मा. शर्यत संपली. श्रुतिका मात्र न थांबता पुढे धावतच राहिली, कारण बिचारीची एक फेरी अजून बाकी होती.

दीपकचा फोन वाजला.

"दीपक्या, श्रुती पयली आली रे!" हैबतींचा आवाज फोनबाहेर सांडत होता. "हितं फटाक्यांची माळ लावली पोरांनी!"

"आबा, ती शेवटची आली."

"मंग टीव्ही काय खोटं सांगतो काय रे?"

तेवढ्यात रेश्माचे वडील किशोरच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. "आमची पोर जिंकली आणि तुम्ही बक्षीस भलतीलाच वाटता? डोळे हायत का बटणं?"

किशोरने माइक टेबलावर ठेवला. "मॅडम, मी आधीच सांगत होतो. विपुल, कॅमेरा बांध. आपली कबड्डी बरी. तिथं माणूस बाद झाला की बाहेर तरी जातो."

शर्मिला मॅडमनी हातातली शिट्टी घट्ट धरली. स्नेहलला ते पाहवेना. पायांत स्केट तशाच ठेवून ती टेबलापर्यंत सरकत गेली.

"किशोरदादा, माइक द्या जरा."

"तुझी रेस हाय ना?"

"मध्ये एक आहे अजून. द्या तर!" आणि विपुलकडे वळून ती म्हणाली, "पुढची कोण ते तू शोधू नकोस. मी हेल्मेटचा रंग सांगते, तेवढा धरून ठेव."

माइक हातात आला तेव्हा आपला आवाज कापेल असं तिला वाटलं होतं. तो कापला नाही.

"पोलादपूरकर, फटाके संपवू नका. श्रुतिका पडून उठली आणि फेऱ्या पुऱ्या करूनच थांबली, त्यासाठी ठेवा. पहिली रेश्मा आली. आता असं बघा, देवळात प्रदक्षिणा घालताना तुमच्यापुढे एखादी बाई चालत असते. तुमच्या दहा होत आलेल्या असतात, ती आत्ताच देवळात शिरलेली असते. मग पुढे कोण? नुसतं पुढे दिसण्यावर जाऊ नका. फेरे मोजा."

दुसरी शर्यत सुटली. निळं हेल्मेट पुढे होतं. पिवळं त्याच्या पाठीशी चिकटून वारा चुकवत होतं. "पिवळीने दम राखलाय," स्नेहलने सांगितलं. "निळीचा पाय वळणावर बाहेर जातोय. पिवळी शेवटच्या वळणावर आतून घुसेल बघा." पिवळी खरंच आतून घुसली. कठड्यापाशी लोकांनी शिट्ट्या मारल्या. कठड्याला टेकून इतके दिवस ती हेच तर बघत आली होती.

किशोरने कानाला लावलेला फोन खाली घेतला. "नाते गावाहून फोन! विचारतायत, उद्या पण हाय काय?"

शर्मिला मॅडमनी शिट्टी खिशात टाकली आणि त्या पाठ फिरवून चष्मा पुसू लागल्या.

मग मोठ्या गटाचा पुकारा झाला. मुली रेषेवर जमू लागल्या. दीपक लाल हेल्मेट घेऊन टेबलापाशी आला. त्याची बोटं हेल्मेटचा पट्टा पिळत होती.

"चल गो. तुझी पाळी."

स्नेहल जागची हलली नाही. "बाबा, तो पट्टा का असा पिळताय?"

"कुठं काय?" तो म्हणाला. मग आवाज उतरला. "गेल्या वर्साला पडलीस ना, तवापासून तुझी रेस मी डोळे मिटूनच बघतो. सांगणार कसं? तुझ्या जिवाची आवड ती."

स्नेहलला एकदम हसू फुटलं. छातीवरचा इतक्या दिवसांचा दगड, आणि त्याचं दुसरं टोक बाबा धरून उभे होते! माइक झाकायला तिने हात उचलला. मग पोलादपूरला बसलेले आबा आठवले. त्यांना पुन्हा वेगळं कशाला सांगायचं? तिने हात खाली घेतला.

"लाल हेल्मेट या शर्यतीत नाही," ती म्हणाली. "बाबा, आबा, मी आता शर्यतीत धावणार नाही. मी शर्यती सांगणार."